दीड मिलिमीटर सरकलेली भोकं

आर्डुइनो उनो हा प्रोग्राम लिहून चालवता येणारा छोटा बोर्ड हातात घेऊन त्याच्या एका कडेच्या काळ्या सॉकेटवर नख फिरवलं, की ते एका जागी अडखळतं. सगळ्या भोकांमधलं अंतर एकसारखं आहे, २.५४ मिलिमीटर. फक्त सात आणि आठ या क्रमांकांच्या पिनांमध्ये ते ४.०६ मिलिमीटर झालं आहे. या दीड मिलिमीटरमागे काही हिशेब नव्हता, बोर्डाचा आराखडा करताना झालेली ती चूक होती. ती ध्यानात आली तोवर बोर्ड लोकांच्या हाती पडले होते. चूक सुधारली असती तर त्यांच्या मापानं बनवलेलं सगळं वाया गेलं असतं, म्हणून ती तशीच राहू दिली. नवशिक्यांना आज सर्रास मिळणारी ‘शील्ड’ नावाची वस्तू टिकली ती या निर्णयामुळे.

आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी, एका डिझाइन संस्थेत झाला. मासिमो बान्झी, डेव्हिड कुआर्तिएल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर होते डिझाइनचे विद्यार्थी. त्यांना दिवा लावायचा होता, मोटर फिरवायची होती, पण इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नव्हता. त्याच संस्थेतल्या एर्नांदो बारागान या विद्यार्थ्यानं आधी केलेल्या ‘वायरिंग’ या कामाचा पाया त्यांना मिळाला. तयार झालेला बोर्ड स्वस्त होता आणि त्याचे नकाशे सर्वांसाठी खुले होते. त्यामुळे त्याच्या डोक्यावर बसणारे जोडबोर्ड कुणालाही बनवता येणार होते. हेच जोडबोर्ड म्हणजे शील्ड. खालच्या बाजूला निघालेल्या पिना उनोच्या भोकांत दाबून बसवायच्या, की जोडणी झाली.

या सोयीची खरी किंमत मोटर जोडताना कळते. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपियर निर्धास्त घेता येतात, ४० ही शेवटची मर्यादा. एलईडीला तेवढं पुरतं. दुकानात ‘बीओ मोटर’ म्हणून मिळणारी पिवळ्या गिअरबॉक्सची छोटी मोटरसुद्धा याहून कितीतरी जास्त ओढते, आणि थांबताना उलटा दाबही देते. म्हणून मध्ये एल२९३डी ही चिप घालतात. ती दर वाहिनीला ६०० मिलिअँपियर देते. नावाच्या शेवटचं ‘डी’ म्हणजे तो उलटा दाब झेलणारे डायोड आतच असल्याची खूण. पण चिपला सोळा पाय आणि ब्रेडबोर्डवर सोळाच्या सोळा कुठे ना कुठे जोडावे लागतात. गाडी टेबलावर चालते, जमिनीवर ठेवली की एखादी जंपर वायर निसटते आणि मग कुठली निसटली हे शोधण्यात संध्याकाळ जाते. मोटर शील्डवर अशा दोन चिप सोल्डर करूनच येतात. चार मोटरींच्या वायरी हिरव्या-निळ्या टर्मिनलमध्ये घालून स्क्रू आवळला की झालं. सातवी-आठवीतल्या मुलाची पहिली गाडी त्याच संध्याकाळी धावली पाहिजे. या वयात ते पिनांच्या तक्त्यापेक्षा मोलाचं आहे.

शील्डवर शील्ड चढवायची हौस आली, की मात्र तो तक्ता उघडावाच लागतो. आर्डुइनोचीच इथरनेट शील्ड १० ते १३ आणि मेमरी कार्डासाठी ४ या पिना वापरते. आर्डुइनोचीच मोटर शील्ड दिशेसाठी १२ आणि १३, वेगासाठी ३ आणि ११ घेते. दोन्ही एकमेकींवर अगदी चपखल बसतात आणि ११, १२, १३ वर दोघींचं भांडण जुंपतं. बाहेरून काहीच दिसत नाही. मोटर उगाच थरथरते, नेट जोडलं जात नाही. याशिवाय इथरनेट शील्डच्या पोटाखाली उनोच्या यूएसबी सॉकेटचा धातूचा डबा येतो. सोल्डरची टोकं त्याला टेकू नयेत म्हणून जाणती मंडळी डब्यावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवतात.

पिनांच्या या भांडणावरचा देखणा तोडगा न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूटनं दिला. लिमोर फ्रीड यांच्या या कंपनीच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या मोटर शील्डला मोटरी चालवायला आयटूसी या संवादपद्धतीच्या दोनच तारा पुरतात. पाठीवरचे पत्त्याचे जोड सोल्डरनं बदलत गेलं, तर अशा ३२ शील्ड एकावर एक रचता येतात.

आपल्याकडे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘मोटर शील्ड’, ‘सेन्सर शील्ड’, ‘सीएनसी शील्ड’ एवढं म्हटलं तरी पुरतं. सेन्सर शील्डवर प्रत्येक पिनपाशी जी, व्ही, एस अशा तीन काड्या असतात, म्हणजे ग्राउंड, व्होल्ट आणि सिग्नल. सर्व्हो मोटरची तीन तारांची वायर थेट तिथे बसते. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पानं आर्डुइनो शिकवायला जे पाठ तयार केले, त्यांतही एलईडी, बटण, प्रकाश आणि तापमान मोजणारे घटक एकाच शील्डवर आहेत. धडा पहिल्या ओळीपासून प्रोग्रामवर राहतो, वायरींच्या गुंत्यात हरवत नाही.

शील्ड वापरून झाल्यावर ती स्वतः बनवायची इच्छा होते, आणि तिथे ती दीड मिलिमीटरची फट पुन्हा आडवी येते. बाजारातल्या साध्या भोकांच्या बोर्डावर सगळी भोकं २.५४ मिलिमीटरवर. त्यावर सरळ पिना सोल्डर केल्या, तर एक रांग उनोत जाते आणि शेजारची अर्धं भोक चुकवून वर टेकून राहते. कुणी चिमट्यानं त्या पिनांना हलकासा बाक देतं, कुणी फट राखून बनवलेली कोरी प्रोटो शील्ड आणतं. २०२३ साली उनोची चौथी आवृत्ती आली. आतली चिप बदलली, ती आता रेनेसास कंपनीची आहे. वेग १६ वरून ४८ मेगाहर्ट्झवर गेला. सात आणि आठ यांच्यात अंतर आहे ४.०६ मिलिमीटर, आणि खणात पडलेली दहा वर्षांपूर्वीची मोटर शील्ड त्यावर टक्कन बसते.