जोत्याखालचा पैसा

वडोदऱ्यात प्लॉट घेतलेला माणूस कंत्राटदाराला आधी विचारतो तो चौरस फुटाचा भाव. आकडा मिळतो, क्षेत्रफळाशी गुणाकार होतो आणि घराची किंमत ठरली असे वाटते. पण हा भाव बहुधा ठरावीक खोलीचा पाया आणि ठरावीक उंचीचे जोते धरूनच सांगितलेला असतो. त्यापलीकडचे सगळे ‘एक्स्ट्रा’. नेमक्या याच दोन गोष्टी या शहरात सरसकट हिशेबात बसत नाहीत. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या भिंतींना तडे देते. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइलचे तंत्र विकसित केले. ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही अशा साडेतीन-चार मीटर खोलीपर्यंत नेलेला, तळाशी कांद्यासारखा फुगवलेला हा काँक्रीटचा खांब. जोत्याचे म्हणाल तर शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांच्याही वर गेली आणि कितीतरी तळमजले पाण्याखाली गेले. म्हणून खर्च आवरायचा तो नकाशावर, आणि वाचलेला पैसा जोत्यात व जोत्याखाली घालायचा, असे माझे मत आहे.

नकाशावर किती वाचते? ३० बाय ३० फुटांच्या घराला बाहेरची भिंत १२० फूट लागते; तेवढ्याच ९०० चौरस फुटांचे घर १५ बाय ६० केले तर १५० फूट. म्हणजे तीस फूट वीट, प्लास्टर आणि रंग केवळ आकारापायी. न्हाणीघरावर न्हाणीघर आणि स्वयंपाकघर त्याला लागून ठेवले की नळ आणि सांडपाण्याचे पाइपही आखूड होतात. याउलट बाजारातली बचत तोकडी. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्ण फायदा गिऱ्हाइकाला मिळाला तरी गोणी आठ टक्क्यांहून कमीच स्वस्त होते, आणि घर काही नुसत्या सिमेंटचे नसते.

शेजाऱ्याचे घर साध्या पायावर उभे आहे, मग माती परीक्षण कशाला, असे कोणी म्हणेल. पण काळ्या मातीचा थर सगळीकडे सारखा जाड नसतो, आणि तडे काही उन्हाळे-पावसाळे उलटल्यावरही दिसू लागतात. परीक्षणात थर पातळ निघाला तर पाइलचा खर्चही वाचेल. जोते उंच केले की भरणी वाढते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर खोदलेली काळी मातीच आत ढकलणे हा मात्र उपाय नव्हे. ती फुगली की फरशी उचलते. तिथे मुरूमच हवा. हा खर्च जड वाटला तर कपाटे, फॉल्स सीलिंग, कंपाउंडचे भारी गेट पाच वर्षांनीही करता येते. पाया मात्र नंतर बदलता येत नाही; पुढे वरचा मजला चढवायचा असेल तर ते इंजिनिअरला आजच सांगावे लागते.