शिवराईला चिंच लावू नका

दिवाळी आली की सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत देवघरातली भांडी घासायला निघतात. ताम्हन, पळी, पंचपात्रीला चिंच लागते आणि सगळं लखलखीत होतं. त्याच घाईत डबीतली काळपट नाणीही ताम्हनात पडतात. एखाद्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’ अशी अक्षरं असतात. दोन मिनिटं चिंच चोळली की तेही नव्या तांब्यासारखं केशरी दिसू लागतं. घरच्यांना समाधान वाटतं, पण नाण्याचं झालेलं नुकसान आता भरून येणार नसतं.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावाची तांब्याची शिवराई चलनात आली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं कडं. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, पुढे पेशवाई आली आणि गेली, तरी शिवाजी महाराजांच्या नावाचं नाणं पडतच राहिलं. नंतरच्या काळातल्या, मजकुरात दोन आडव्या रेघा असलेल्या नाण्यांना संग्राहक ‘दुदांडी शिवराई’ म्हणतात. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचं राज्य खालसा केलं, त्यानंतरही बाजारात शिवराई चालत होती.

ही नाणी हाताने ठोकून पाडलेली आहेत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर सगळी अक्षरं क्वचितच येतात. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. अक्षराचं वळण, ठिपक्यांची मांडणी आणि वजन यांवरून अभ्यासक नाण्यांचे प्रकार लावतात. पूर्ण शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. घासण्याने वजन घटतं, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पुरावाच पुसला जातो.

मुळात तो काळा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तांब्याचा हवेशी संबंध आला की आधी लालसर ऑक्साइड बनतं. पुढे ते काळवंडतं, ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की हिरवं कार्बोनेट तयार होतं. घट्ट आणि एकसारखा बसलेला हा थर आतल्या धातूचं रक्षण करतो. फार गंजलेल्या नाण्यात तर मूळ पृष्ठभाग, म्हणजे अक्षरंसुद्धा, या थरातच उरलेली असतात. थर काढला की अक्षरंही जातात.

आम्ल तांब्याचं काय करतं हे सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागाला वेगळं सांगायला नको. इथले गलाई कारागीर सोनं-चांदी शुद्ध करण्यासाठी देशभर पसरले आहेत. सोन्यातलं तांबं काढायला नायट्रिक आम्ल वापरतात. तांबं त्यात विरघळतं, सोनं तसंच राहतं. चिंचेतलं टार्टारिक आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल एवढं जहाल नसलं, तरी नाण्यावरचा थर तेही विरघळवतं. राख किंवा भांडी घासायची पावडर बारीक ओरखडे पाडते, ते वेगळंच.

सगळे थर मात्र निरुपद्रवी नसतात. नाण्यावर फिकट हिरवी, टोकरल्यास भुकटीसारखी सुटणारी ठिपकी दिसली, तर तो क्लोराइडचा रोग समजावा. तांब्यात अडकलेलं क्लोराइड ओल आणि हवा मिळताच हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतं. ते आम्ल पुन्हा तांबं खातं, पुन्हा क्लोराइड बनतं आणि हे चक्र नाणं पोखरेपर्यंत चालतं. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमिनी आहेत, आणि शेतात पडणारं पोटॅश खत बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं. म्हणून शेतमातीतून आलेल्या नाण्याकडे जास्त लक्ष हवं. असं नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करावं, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत कोरडं ठेवावं आणि वस्तुसंग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवावं. तज्ज्ञ यावर बेंझोट्रायाझोलसारखी रसायनं वापरतात. ती विषारी असल्याने घरी हाताळू नयेत.

मग घरी करावं तरी काय?

सर्वांत आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि सराफाच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावं. नाणं नेहमी कडेने धरावं, कारण घामातही क्षार असतात. सुटी माती असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवावं आणि पाणी रोज बदलावं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं, ते टाळावं. मऊ झालेली माती लाकडी टूथपिकने, भिंगातून पाहत, अलगद सोडवावी. तेलकटपणा शुद्ध ॲसिटोनने जातो. पण ते झटकन पेट घेतं, तेव्हा पणत्यांच्या आसपास बाटली उघडूच नये. शेवटी नाणं पूर्ण वाळवावं. एवढं करूनही न निघणारा थर तसाच राहू द्यावा.

साठवणीतही चुका होतात. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातून कालांतराने आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. रबरबँडमधलं गंधक तांबं काळं करतं. वर्तमानपत्राचा कागदही आम्लयुक्त असतो. आम्लविरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं चांगली.

महाबळेश्वर-पाटणकडच्या ओल्या पावसाळ्यात सिलिका जेल वरचेवर बदलावं लागतं. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत ते जास्त टिकतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. पूररेषेतल्या घरांनी नाण्यांची पेटी वरच्या मजल्यावर ठेवावी. पाणी शिरलंच तर नाणी चिखलासकट वाळू देऊ नयेत. लगेच स्वच्छ पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पूर्ण कोरडी करावीत.

नांगरटीत नाण्यांचं मडकं सापडलं, तर ते धुण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते बंधनकारक आहे.

या लक्ष्मीपूजनाला ताम्हन चिंचेने जरूर घासा. शिवराई मात्र कोरड्या मऊ कापडावर पाटावर मांडा, अक्षता वाहा आणि हळद-कुंकू, पंचामृत तिच्यापासून दूर ठेवा. पूजा झाली की तिचा फोटो काढून वजन वहीत लिहा आणि ती वही घरातल्या मुलांच्या हाती द्या.