वहिवाटीचें पाणी

कालवा म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उसाचे मळे उभे राहतात. खडकवासल्याच्या कालव्यांतून नावेनें गांवोगांव हिंडावें, ही कल्पना आपणांस सहसा सुचावयाची नाहीं. इंग्लंडांतील जुने कालवे मात्र मुळांत मालाच्या नावांसाठींच खोदले गेले. इ. स. १७६१ मध्यें ब्रिजवॉटरच्या ड्यूकानें आपल्या खाणींतील कोळसा वाहण्यासाठीं कालवा सुरू केला आणि पुढें त्या देशांत अशा जलमार्गांचें जाळेंच पसरलें.

तेथें राहणाऱ्या माझ्या पुतण्यानें गेल्या उन्हाळ्यांत आठवडाभर अशी एक नाव भाड्यानें घेतली आणि मला बळेंच बरोबर नेलें. नाव कसली, ती पाण्यावर तरंगणारी चाळच! लांबी साठ फूट, रुंदी मात्र सात फुटांहून कमी. आंत शेगडी, बिछाने, मोरी सर्व कांहीं. वेगाची मर्यादा ताशीं चार मैल; काठानें फिरावयास निघालेला गृहस्थ सहज पुढें निघून जातो.

वाटेंत चढ आला म्हणजे नावेस दोन दारांमधील अरुंद कुंडांत घ्यावयाचें, मागील दार लावावयाचें आणि वरच्या अंगाच्या झडपा उघडावयाच्या. पाणी भरतें तशी नाव वर चढते. मग पुढचें दार उघडावयाचें. हें सर्व प्रवाशांनींच हातांनीं करावयाचें. सूनबाई झडपेचा दांडा फिरवीत, मी पाठीनें दाराचा सोट रेटीत असें.

वेल्समध्यें डी नदीवरून हा कालवा एका लोखंडी पन्हाळींतून जातो. टेलफर्ड यांचा हा पॉन्टकसल्टे पूल १८०५ मध्यें पुरा झाला. उंची १२६ फूट. एका बाजूस कठडा आहे, दुसऱ्या बाजूस नाहीं! "काका, खालीं पाहूं नका," असें पुतण्या म्हणाला. परंतु मीं पाहिलें, आणि पुढील हजार फूट रामरक्षा म्हणत काढले.

परंतु वाचकहो, मला खरोखर सांगावयाचें आहे तें निराळेंच आहे. आगगाड्या व पुढें मोटारलॉऱ्या आल्या आणि कालवे ओस पडूं लागले. अशा काळीं, १९३९ मध्यें, एल. टी. सी. रोल्ट हे गृहस्थ पत्नीसह 'क्रेसी' नांवाच्या जुन्या नावेंत राहावयास गेले. त्या प्रवासाचें त्यांचें 'नॅरो बोट' हें पुस्तक १९४४ मध्यें निघालें. तें वाचून रॉबर्ट आइकमन यांनीं त्यांना पत्र लिहिलें आणि १९४६ मध्यें उभयतांनीं कालव्यांच्या रक्षणासाठीं एक संघ स्थापिला.

स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर उचलावयाच्या एका पुलाच्या जागीं ठेंगणा, पक्का पूल बसविला होता. नावा जात नाहींत, मग अडचण कोणास? परंतु त्या मार्गावरील नौकानयनाचा हक्क कायद्यानें शाबूत होता. १९४७ मध्यें रोल्ट यांनीं रीतसर नोटीस दिली कीं, मी येत आहें. निरुपाय होऊन मालक रेल्वे कंपनीस माणसें पाठवून तो पूल उचलावा लागला, आणि गाळाशेवाळांतून रखडत 'क्रेसी' पार झाली. याच कालव्याचा दक्षिणेकडील भाग पुढें स्वयंसेवक, सैनिक व कैदी यांनीं श्रमून खुला केला. १९६४ मध्यें त्यावर पुन्हा नावा चालूं लागल्या.

हें ऐकतांना मला आमच्या गांवची पाणंद आठवली. ती नदीच्या घाटाकडे जात असे. घरोघर नळ आले आणि घाटावर जाणें थांबलें. शेजारच्या शेतकऱ्यानें प्रथम काट्या टाकल्या, नंतर कुंपण घातलें. आम्ही शिकलीं सवरलीं माणसें. तलाठ्याकडील नकाशा आमच्या माहितीचा होता. तरी 'आपल्याला कोठें आतां तिकडे जावयाचें आहे' असें म्हणून स्वस्थ बसलों. पुढें वडिलांच्या अस्थि घेऊन निघालों, तेव्हां त्या कुंपणाशीं उभें राहून परक्याची परवानगी मागावी लागली.

शेतकऱ्यास मीं कधीं दोष दिला नाहीं. वाट त्यानें अडविली हें खरें. परंतु ती प्रथम सोडली आम्हीच. हक्क कागदावर लिहिलेला असला तरी तो पायांनीं, किंवा वल्ह्यांनीं, राखावा लागतो. यंदा गांवीं जाईन तेव्हां नकाशाची नक्कल काढणार आहें.