सारिका काळे

सारिका काळे या भारतीय महिला खो-खो संघाच्या माजी कर्णधार आहेत. त्या महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या रहिवासी आहेत. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

प्रारंभिक जीवन

काळे यांचे बालपण आर्थिक अडचणीत गेले. त्यांची आई शिवणकाम करून घरखर्चाला हातभार लावत असे. वयाच्या तेराव्या वर्षी काकांमुळे त्या खो-खोच्या मैदानावर आल्या. जवळजवळ दहा वर्षे आपल्याला दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, असे त्यांनी पुरस्कार जाहीर झाल्यावर सांगितले. चंद्रजित जाधव हे त्यांचे प्रशिक्षक होत.

खेळातील भूमिका

फुटबॉलमध्ये बचावपटू आणि आक्रमक वेगवेगळे असतात. खो-खोत मात्र प्रत्येक संघाला आळीपाळीने आक्रमण व संरक्षण करावे लागते. संरक्षण करणारे खेळाडू तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. त्यांना कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असते, तर पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मध्यपाटी ओलांडता येत नाही. संरक्षकाची कामगिरी त्याने किती वेळ बाद न होता काढला यावरून मोजली जाते. म्हणून गुणफलकात त्याच्या नावापुढे मिनिटे व सेकंद नोंदवतात.

कारकीर्द

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी व शिलाँग येथे झालेल्या बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला. काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. पुरुष संघानेही सुवर्णपदक मिळवले.

त्याच वर्षी कौटुंबिक आर्थिक ओढाताणीमुळे त्यांनी खेळ सोडण्याचा निर्णय घेतला होता. समुपदेशनानंतर त्या मैदानावर परतल्या. प्रशिक्षक जाधव यांच्या मते हाच त्यांच्या कारकिर्दीतील निर्णायक टप्पा ठरला. पुढे त्यांना शासकीय नोकरी मिळून आर्थिक स्थैर्य आले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून कार्यरत होत्या.

पुरस्कार

२९ ऑगस्ट २०२० रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, त्यांना अर्जुन पुरस्कार प्रदान करण्यात आला. कोविड-१९ साथीमुळे त्या वर्षीचा सोहळा दूरदृश्य प्रणालीद्वारे झाला. त्यापूर्वी १९९८ साली शोभा नारायण यांना खो-खोसाठी हा पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे काळे यांच्या निवडीने २२ वर्षांनंतर या खेळाला पुन्हा हा सन्मान लाभला.