मंजिरी खुडण्यापूर्वी

गोव्या-कोकणातील घर म्हटले की अंगण आले आणि अंगण म्हटले की तुळशीवृंदावन आले. नोकरीनिमित्त हैदराबादेस गेलेल्या आपल्या कुटुंबांच्या वाट्याला मात्र अंगण क्वचितच येते. १९९८ साली हायटेक सिटी उभी राहिल्यापासून ते शहर पश्चिमेकडे उंचच उंच वाढत गेले आणि वृंदावनातील तुळस कुंडीत बसून सातव्या-आठव्या मजल्यावर गेली. तिची पूजा चुकली नाही, ही समाधानाची गोष्ट. आमचे म्हणणे पूजेनंतरच्या एका सवयीविषयी आहे.

गच्चीवर हौसेने कारली-काकडी लावणाऱ्यांची तक्रार नेहमी कानी पडते. वेल फोफावतो, फुलेही लागतात, पण फळ धरत नाही. कारण सोपे आहे. या वेलींवर नरफुले वेगळी व मादीफुले वेगळी; पराग एकीकडून दुसरीकडे नेण्यास माशी लागते. जेथे तिला खावयास काही नाही, तेथे ती यावी तरी कशाला?

आणि दाराशीच तिचे अन्न वाढत असते. तुळशीचे फूल इवलेसे, जांभळट, दोन ओठांचे. पुंकेसर खालच्या ओठावर पसरलेले असल्याने मध घेण्यास टेकलेल्या माशीच्या पोटाला पराग आपोआप लागतात. फुलोरी, पोयाची आणि सातेरी या तिन्ही माशा तुळशीवर येतात. (सातेरी हे नाव गोमंतकीयांना निराळे सांगावयास नको!) दख्खनच्या पठारावर कडाक्याचे हिमतुषार पडत नाहीत, म्हणून तेथे तुळस काही वर्षे जगते व वर्षाचा मोठा भाग फुलते. विलायती फुलझाडांच्या महागड्या रोपांनी जे साधत नाही, ते ही घरची वनस्पती बिनबोभाट करते.

पण आपण तिला फुलू देतो कोठे? मंजिरी दिसली की ती खुडावयाची, तुळशीला तिचा भार होतो, असे वडीलधारी मंडळी सांगत आली. यात तथ्य नाही असे नव्हे. बी धरू लागले की झाडाची शक्ती तिकडे जाते, पाने बारीक होतात, खोड लाकडासारखे बनते. मंजिरी खुडल्याने झुडूप भरते व अधिक टिकते. देवाला मंजिरी वाहण्याची परंपराही आहेच. परंतु सर्वच मंजिऱ्या खुडल्या तर माशीला काय उरले? आमच्या मते दोन कुंड्या ठेवाव्यात. एक देवघरासाठी, दुसरी फुलण्यासाठी. जागा एकाच कुंडीपुरती असेल तर निम्म्या मंजिऱ्या राखाव्यात आणि त्या वाळल्यावरच कापाव्यात. द्वादशीला व सूर्यास्तानंतर तुळस तोडू नये, हा निर्बंध पाळणाऱ्यांना एवढा संयम जड जाऊ नये.

बाकी मशागत फारशी नाही. पाच-सहा तास ऊन, तळाला भोक असलेली कुंडी, माती वरून सुकल्यावर पाणी. पाणी साचले की मुळे कुजतात. कीटकनाशकाची फवारणी मात्र शेजारच्या कुंडीवरही नको. फुलावर पडलेले विष माशीच्याच पोटात जाते. राखलेल्या मंजिरीचे बी मृगाच्या पावसात स्वतःच उगवते.

तेलंगण शासनाने २०१५ साली हरितहारम् योजना सुरू करून कोट्यवधी रोपे लावली, हे स्तुत्यच. पण रस्त्यांच्या कडेला कोनोकार्पससारखी परकी झाडेही लावली गेली आणि पुढे शासनालाच तिची लागवड थांबवावी लागली. हिरवे दिसते ते सारेच माशीच्या उपयोगाचे नसते. रोपे निवडताना हा विचार सरकारी रोपवाटिकांतही व्हावयास हवा होता.

उंच इमारतींच्या छज्जाखाली आग्यामोहोळ लागले की रहिवासी घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही. पण लगेच धूर व आग घेऊन माणसे बोलावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मोहोळ न मारता हलविणारे जाणकार आहेत, त्यांना पाचारण करावे. सोसायटीच्या पुढील सभेत कोणीतरी हा विषय काढावा. सभेस येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी तुळस असेलच.