मास्तरांचे दुखणे आणि त्यांची श्रद्धा

गेल्या पावसाळ्यात आमच्या मास्तरांना घास अडकू लागला. आधी भाकरी, मग भात, पुढे पेजसुद्धा. मिशनच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवलेले हे गृहस्थ माझे जुने स्नेही. दुर्बिणीने तपासणी झाली, बायोप्सी झाली. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला आणि तो यकृतापर्यंत पोहोचलेला होता. या अवस्थेत रोग मुळापासून जात नाही. उपचारांनी त्रास कमी करता येतो आणि काही काळ मिळवता येतो, एवढेच.

रिपोर्ट आला तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितले, "ह्यांना कळू देऊ नका." मीही 'अल्सर आहे' असे सांगून वेळ मारून नेली. दोन दिवसांनी, पेशंट संपल्यावर, मास्तर दवाखान्यात येऊन समोर बसले. म्हणाले, "डॉक्टर, सारा जन्म मुलांच्या वह्या तपासल्या. उत्तर लपवणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो."

मग मी खरे ते सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "बरे झाले सांगितलेत. देवाजवळ काय मागायचे ते आता कळले."

मी ख्रिस्ती नाही. पण पुढच्या सहा महिन्यांत श्रद्धा आजाऱ्याला काय देते आणि कोठे घोटाळा होऊ शकतो, हे मला जवळून पाहायला मिळाले. वाचकांपैकी कोणाच्याही घरी अशी वेळ येऊ शकते, म्हणून हा लेख.

प्रार्थना की औषध?

परगावच्या एका हितचिंतकाने मास्तरांना सांगितले, "विश्वास पूर्ण असेल तर गोळ्यांची गरज काय?" मास्तरांनी चार दिवस सर्व औषधे बंद केली. वेदना इतक्या वाढल्या की रात्री दोन वाजता मला बोलावणे आले. त्यापेक्षाही वाईट म्हणजे, 'आपलाच विश्वास कमी पडला' असे त्यांच्या मनाने घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांनी शास्त्रातलेच दाखले दिले. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य मानला जातो. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. (यावरून कोणी सोयीचा अर्थ काढू नये!) याच पौलाने स्वतःची व्याधी जावी म्हणून तीन वेळा विनवणी केली, पण ती गेली नाही. ती सोसण्याचे बळ मात्र त्याला मिळाले. पौलाचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणेल काय? याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे, पण वैद्याला हाकलून द्या असे कोठेही नाही.

मला यात भर घालावीशी वाटते. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू केले. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर काम सुरू केले. प्रार्थना पुरेशी आहे असे मानणारी माणसे शस्त्रक्रियेची हत्यारे घेऊन सातासमुद्रापार कशाला आली असती?

प्रार्थनेने रोग हटतो का, याची तपासणीही झालेली आहे. अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते हसले. "प्रार्थना म्हणजे काय गोळी आहे, मोजून द्यायला? मी देवाशी बोलतो. एकटा नसतो, एवढे पुष्कळ आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि उत्तराची गरजही नव्हती.

वेदना सोसणे हे पुण्य नव्हे

मॉर्फिनचे नाव काढताच मास्तर म्हणाले, "प्रभूने क्रूस वाहिला, मी एवढे सोसू नये?" वहिनींना भीती व्यसनाची. दोन्ही शंका नेहमीच्या आहेत.

पहिलीचे उत्तर पाळकसाहेबांनीच दिले. येशूने आपल्याकडे आलेल्या आजाऱ्यांना 'सोसा' असे सांगितले नाही, त्यांना बरे केले. दुसरीचे उत्तर वैद्यकाचे आहे. कर्करोगाच्या वेदनांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते आणि त्याने आयुष्य कमी होत नाही. गोळी दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळाप्रमाणे ठरल्या वेळी घ्यायची. सुरुवातीचे काही दिवस मळमळ व गुंगी येते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हटकून होते, म्हणून सोबत पोट साफ ठेवण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. गोळी एकदम बंद करू नये. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले.

वेदनाशामक सेवेची आजची पद्धत घडवणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र. आता काही जिल्हा रुग्णालयांतही ही सेवा मिळते. तेथे 'पॅलिएटिव्ह केअर' या नावाने चौकशी करावी.

भेटायला जाताना

बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. त्याच्यावर संकटे कोसळली तेव्हा तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि 'तुझेच काहीतरी पाप असेल' असे सुरू केले. त्यांनी केलेले चांगले काम ते पहिल्या सात दिवसांतले. भेटायला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. त्याशिवाय काही गोष्टी :

'देवाची इच्छा', 'कर्माचे फळ', 'काही होत नाही' ही वाक्ये घरी ठेवून जावे. अमक्याचा काढा, तमक्याचा बाबा सुचवू नये. थोडा वेळ बसावे, आजारी माणसाला बोलू द्यावे. काय मदत हवी हे मोघम विचारण्यापेक्षा औषधे आणून देणे, एक रात्र जागायला थांबणे असे नेमके काम अंगावर घ्यावे. प्रार्थना करायची असेल तर त्याला विचारून, आणि त्याच्या श्रद्धेप्रमाणे.

अन्ननलिकेत जाळीची नळी बसवल्यावर मास्तरांना पातळ पदार्थ जाऊ लागले. नाताळ त्यांनी घरीच केला. मंडळींनी खाटेभोवती बसून रेव्हरंड टिळकांची भजने म्हटली. मीही बसलो होतो. जानेवारीत मास्तर गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना फारशा वेदना नव्हत्या आणि मनात 'आपला विश्वास कमी पडला' हा सलही नव्हता. पहिल्याचे श्रेय औषधांचे, दुसऱ्याचे पाळकसाहेबांचे. दोन्ही लागले.

मास्तर तीन महिने घास अडकण्याचे दुखणे अंगावर काढत होते. मीही त्यांना आठवड्यातून दोनदा भेटत होतो आणि विचारले नाही. वाचकहो, तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.