किनाऱ्यावरचे मुक्काम (७) : कोचीतल्या घराला त्याचं आधीचं काम विचारा

गेल्या आठवड्यात आपण पुदुच्चेरीत होतो. तिथे मधला कालवा ओलांडला की समुद्राकडची फ्रेंच वस्ती संपते, तमिळ वस्ती सुरू होते आणि घरांचा ढंगही त्यासरशी बदलतो. त्यामुळे कुठे उतरायचं हे ठरवणं तिथे तसं सोपं. फोर्ट कोचीत अशी एक रेघ ओढता येत नाही. पोर्तुगीजांनी इथे १५०३ मध्ये किल्ला उभारला. डचांनी १६६३ मध्ये तो घेतला आणि गावाचा पसारा आवळला. १७९५ मध्ये इंग्रज आले, १८०६ मध्ये त्यांनी तटबंदी बरीचशी पाडून टाकली. पुढे १८८९ च्या जानेवारीतल्या मोठ्या आगीत फोर्टमधली कितीतरी घरं आणि गोदामं जळाली. इतक्या उलथापालथीनंतर आज एकाच गल्लीत निरनिराळ्या काळांची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एखाद्या घराचा तर पाया एकाचा, माडी दुसऱ्याची आणि छप्पर तिसऱ्याचं. जाहिरातीत मात्र सगळ्यांच्या फोटोखाली 'हेरिटेज' एवढंच लिहिलेलं असतं.

त्या पाटीवर फार विसंबू नये. केंद्र सरकारच्या हेरिटेज हॉटेलांच्या वर्गवारीत बसायला इमारत १९५० पूर्वीची असली की वयाची अट पुरी होते. म्हणजे स्वातंत्र्यानंतर वर्षभरात बांधलेला बंगला आणि डच अधिकाऱ्याचं अडीचशे वर्षांपूर्वीचं घर वयाच्या त्या एका अटीला सारखेच उतरतात. शिवाय अनेक लॉजनी ही वर्गवारी न घेताच पाटी लावलेली असते.

मग निवडायचं कशावरून? मला जो प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटतो तो असा : पाहुण्यांना खोल्या द्यायला लागण्याआधी हे घर काय काम करत होतं? व्यापाऱ्याचं राहतं घर होतं, कंपनीची कचेरी होती, मसाल्याचं गोदाम होतं की काहीच नव्हतं? घराच्या खिडक्या कुठे आहेत, वारा कुठून येतो, रात्री काय ऐकू येतं, पहाटे कोण उठवतं, हे सगळं त्या जुन्या कामानं ठरवलेलं असतं. पलंग, आरसे आणि पितळी कंदील नंतर येतात आणि ते कुठूनही विकत आणता येतात.

फोर्टच्या मधोमध परेड ग्राउंड आहे. त्याच्या भोवती आणि प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट या गल्ल्यांमधून राहत्या घरांची आणि बंगल्यांची वस्ती आहे. इथली भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, वर चुन्याचा गिलावा. कोकणातल्या माणसाला ती लांबूनच ओळखू येईल. जाडी हातभर किंवा त्याहून जास्त. खिडक्या उंच, लाकडी पट्ट्यांच्या झडपांच्या, समोरासमोर. अशा घरात वारा एका बाजूनं शिरून दुसरीकडून बाहेर पडावा, हीच मूळ योजना. जांभा ओल धरतो, चुना ती हळूहळू बाहेर सोडतो आणि फिरता वारा ती वाळवतो. ही साखळी नूतनीकरणात तुटते. चुन्याच्या जागी सिमेंट येतं, झडपांना आतून काच बसते, एसीसाठी छताखाली खोटं छत लागतं. मग ओल भिंतीतच अडकते आणि दार उघडताच कुबट वास येतो. म्हणून खोली पक्की करण्यापूर्वी फोनवर एवढं जरूर विचारा : खिडक्या उघडतात का, आणि त्यांना डासांची जाळी आहे का? कोचीत डास आहेत, बरेच आहेत, तेव्हा जाळीशिवाय उघडणारी खिडकी निम्मीच उपयोगाची.

छपरावरून घराचं वय काढायला जाऊ नका. मंगलोरी कौलं बासेल मिशननं मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढला तेव्हापासूनची, आणि कौलं तर सतत बदलली जातात. त्यापेक्षा जिना बघा, दाराच्या चौकटीची जाडी बघा, माडीवरच्या तुळया बघा. वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी असेल तर वरचा माणूस रात्री पाणी प्यायला उठला तरी खालच्याला कळतं. झोप सावध असलेल्यांनी माडीवरचीच खोली मागावी.

याच भागात दंतकथाही भाड्यानं मिळतात. रोझ स्ट्रीटवरच्या एका घराला वास्को द गामाचं घर म्हणतात. गामा कोचीतच वारला हे खरं, २४ डिसेंबर १५२४ रोजी. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं होतं आणि पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. पण तो नेमका याच घरात राहत होता याला ठोस पुरावा नाही. घर सुंदर असेल तर त्या सौंदर्यासाठी राहावं, गामासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

मासेमारीच्या चिनी जाळ्यांच्या समोर, टॉवर रोडवर, ओल्ड हार्बर हॉटेल आहे. इमारत डच काळातली, पुढे तिथे इंग्रज चहा-दलाल राहत. जवळच लाल रंगाचं कोडर हाऊस. कोडर हे कोचीतलं मोठं यहुदी कुटुंब. १९४८ नंतर इथले बहुतेक यहुदी इस्रायलला गेले, समाज उरला तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, आणि या घराचंही हॉटेल झालं. अशा जागी उतरणाऱ्यानं हा इतिहास ठाऊक करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ज्या दिवाणखान्यात आपण सकाळचा चहा घेतो तो एका कुटुंबाचा होता, आणि ते कुटुंब आता इथे का नाही, हे कळल्यावर ती खोली वेगळीच दिसते.

ब्रंटन बोटयार्डची गोष्ट निराळी. तिथे इंग्रजी अमदानीत जहाजबांधणीचा कारखाना होता. आजचं हॉटेल त्या जागेवर जुन्या धाटणीनं नव्यानं बांधलेलं आहे. काहींना हे कळलं की फसवल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. लपवाछपवी नसेल तर जुन्या पद्धतीनं नीट बांधलेली नवी इमारत ही जुनी इमारत पोखरून केलेल्या हॉटेलपेक्षा कितीतरी बरी. शिवाय तिथल्या खोल्या पाण्याकडे उघडतात. फोर्ट कोची आणि वायपीन यांच्यामधूनच बंदराची वाट जाते, त्यामुळे मोठमोठी मालवाहू जहाजं अगदी समोरून सरकतात. पाण्याकाठची कुठलीही खोली घेताना हे लक्षात असू द्या : जहाजांना रात्र नसते, भोंगे वाजतातच.

फोर्टमधून दक्षिण-पूर्वेला चालत गेलं की कालवतीचा भाग ओलांडून मट्टांचेरी लागते. बहुतेक प्रवासी इथे दोन-तीन तासांसाठी येतात. पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला आणि डचांनी डागडुजी केल्यामुळे 'डच पॅलेस' म्हणवला जाणारा राजवाडा बघतात, १५६८ चं परदेशी सिनेगॉग बघतात आणि परत फिरतात. ज्याला कोची समजून घ्यायची आहे त्यानं निदान एक रात्र इथे काढावी असं माझं ठाम मत आहे. हे शहर उभं राहिलं ते मिरी, सुंठ आणि वेलदोड्यावर. पेरियार नदीच्या १३४१ च्या महापुरानं मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं भरलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. तेव्हापासूनचा बराच व्यापार मट्टांचेरीतल्या बझार रोडच्या काठानं झाला.

बझार रोडवरच्या गोदामांना मल्याळममध्ये पंडिकशाला म्हणतात. रस्त्याकडे अरुंद तोंड, आत मोठा चौक, मागचं दार थेट पाण्यावर. होडीतून माल मागच्या दारानं यायचा, चौकात वाळवायचा, निवडायचा आणि पोत्यांत भरून पुढे जायचा. यातल्या काही पंडिकशालांची आता हॉटेलं, दुकानं आणि चित्रदालनं झाली आहेत. २०१२ मध्ये कोची-मुझिरिस बिएनाले ही द्वैवार्षिक कलाजत्रा सुरू झाली तेव्हापासून तर जुनी गोदामं हीच तिची दालनं झाली. तिचं अनेक वर्षं मुख्य ठिकाण राहिलेलं अ‍ॅस्पिनवॉल हाऊस ही फोर्टमधली व्यापारी कंपनीचीच वास्तू. राहण्यासाठी गोदाम निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गोदाम माणसासाठी बांधलेलं नसतं. माल सावलीत आणि कोरडा राहावा म्हणून बाहेरच्या भिंतींना खिडक्या कमी, उजेड सगळा चौकातून. चौकाकडे तोंड असलेली खोली मिळाली तर दिवसभर तो मऊ, वरून उतरणारा प्रकाश मिळतो. रस्त्याकडची मिळाली तर अंधार, आणि पहाटेपासून टेम्पो आणि हमालांचा गलबला. कडेच्या दुकानांत आजही मसाला विकला जातो, त्यामुळे सुंठेचा वास नाकात बसतो. तो आवडणार नसेल तर मट्टांचेरीत राहूच नये.

या जाड भिंतींबद्दल मट्टांचेरीत एक समजूत आहे. डच येताहेत म्हटल्यावर पळणाऱ्या पोर्तुगीजांनी आपलं धन घरांत, झाडांच्या बुंध्याशी पुरलं आणि त्याच्या राखणीला आपल्या आफ्रिकी गुलामांना मारून सोबत पुरलं. अशा गुलामाचा आत्मा म्हणजे काप्पिरी मुत्तप्पन. मंगाट्टुमुक्कला त्याचं छोटंसं ठाणं आहे. लोक तिथे मेणबत्त्या लावतात, चिरूट आणि ताडी ठेवतात. तो वाईट नाही, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, असं मानतात. ही लोकांची कथा आहे, पण गुलाम होते ही कथा नाही. पोर्तुगीज आणि डच दोघांनीही कोचीत माणसं विकली आणि विकत घेतली. जुन्या घराच्या देखणेपणावर भाळताना ती भिंत कुणी उचलली आणि त्या चौकात कोण राबलं, हे विसरून चालणार नाही. एखाद्या हॉटेलच्या माहितीपत्रकात त्यांचाही उल्लेख आढळला तर त्या मालकाबद्दल मला आदर वाटतो.

मराठी वाचकाला मट्टांचेरीत राहायचं आणखी एक कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे गोव्यातून निघालेली अनेक गौड सारस्वत कुटुंबं इथे येऊन स्थिरावली. चेरलाईतलं तिरुमला देवस्वम हे त्यांचं मोठं देऊळ. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून आजही कोंकणी कानावर पडते, मल्याळम हेल असलेली, पण ऐकता ऐकता उमगणारी. घरी दाळीतोय शिजतं. डच गव्हर्नर व्हान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्यात इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता. त्यांनी १६७५ मध्ये दिलेलं कोंकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे, आणि तो खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला. शिवराज्याभिषेकानंतरच्या चारच वर्षांत युरोपात छापलेली ही नागरी अक्षरं! ज्या गावातून ती गेली त्या गावात देवळाच्या घंटेनं जाग यावी, यापेक्षा वेगळं वैशिष्ट्य मला तरी मुक्कामात नको असतं.

आता होमस्टे. फोर्ट कोचीतल्या गल्लोगल्ली पाट्या आहेत, आणि सगळ्यांत जास्त गफलत इथेच होते. केरळच्या पर्यटन खात्याच्या वर्गवारीत होमस्टे म्हणजे घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे, खोल्याही मोजक्याच. प्रत्यक्षात बाहेरच्या कुणीतरी घर भाड्यानं घेऊन नोकर ठेवून चालवलेली ठिकाणंही तेच नाव लावतात. ओळखायची खूण सोपी : फोनवर विचारा, सकाळचा नाश्ता कोण करतं? "आमची अम्माची", म्हणजे घरातली आई किंवा आजी, असं उत्तर आलं तर निम्मं काम झालं. त्या स्वयंपाकघरातून अप्पम-स्ट्यू किंवा पुट्टू-कडला येतं. शिवाय कुठली फेरी किती वाजता सुटते, कुठल्या दुकानात ताजी मासळी मिळते, हे सांगणारं माणूसही घरातच मिळतं.

मी होमस्टेच्या बाजूनं बोलतो ते केवळ नाश्त्यासाठी नाही. जुनं घर सांभाळणं महाग असतं. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची, वासे बघायचे, वाळवी मारायची. मुलं आखातात किंवा बेंगळुरूला, घरी दोन वयस्क माणसं. दोन खोल्यांचं भाडं आलं तर ते घर टिकतं आणि ती माणसं गल्लीत राहतात. नाही आलं तर घर विकलं जातं आणि तिथे आणखी एक कलावस्तूंचं दुकान उघडतं. मंगलोरी कौलांखालचा दिवा रात्री लागतो की नाही, हे थोडं आपल्या बुकिंगवरही ठरतं.

आता बंदरातल्या विलिंग्डन बेटाबद्दल थोडक्यात. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्यानं बंदर खोल करताना निघालेल्या गाळातून ते घडवलं. हॉटेलं चांगली आहेत, पाणी सुरेख दिसतं, पण संध्याकाळी पायी फिरायला जुनं गाव हाताशी नाही. पाण्यापलीकडच्या एर्नाकुलममध्ये उतरून फोर्ट 'करून येणं' हा स्वस्त पर्याय, आणि वॉटर मेट्रो हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीला येऊ लागल्यापासून तो सोपाही झाला आहे. तरी दिवसाची गर्दी ओसरल्यावरच्या गल्ल्या त्यात हुकतात.

जायचं कधी? डिसेंबर अखेरीस कार्निव्हल असतो, ३१ च्या रात्री पाप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, भलामोठा पुतळा जाळतात. त्या आठवड्यात भाडी चढतात आणि झोप मिळत नाही. ज्यांना घर अनुभवायचं आहे त्यांनी जूनअखेर किंवा जुलैत जावं. कपडे वाळणार नाहीत, चामड्याच्या चपलांना बुरशी येईल, पण भाडं उतरलेलं असतं, घरमालकांना गप्पा मारायला वेळ असतो, आणि ही घरं ज्या पावसासाठी बांधली तो पाऊस त्यांच्यावर पडत असतो. पागोळ्या चौकात नीट उतरतात का, पडवी कोरडी राहते का, भिंत घामेजते का, हे सारं एका रात्रीत समजतं. मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेनं एर्नाकुलमला पोचवते. वाटेत रत्नागिरी, कारवार, मंगळूर या टापूतला जांभा आणि कौलं बघत गेलात तर फोर्टमधल्या भिंती परक्या वाटणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात : तरंगंबाडी. तंजावरच्या नायक राजानं १६२० मध्ये डेन्मार्कच्या कंपनीला दिलेलं गाव. तिथे मुक्कामाची घरं मोजकीच आहेत, त्यामुळे प्रश्न कुठलं घर निवडावं हा नसून किती दिवस राहावं हा आहे.